भुयारात उतरण्यापूर्वीचे तीन प्रश्न

आमच्या उस्मानपुऱ्यातल्या घरात संगणक समोरच्या खोलीत ठेवलेला होता आणि त्यामागे अण्णांचा विचार होता. जे चारचौघांच्या देखत करता येत नाही ते करूच नये, असे ते म्हणत. म्हणून टेबल भिंतीला लावलेले, संगणकाचा पडदा खोलीकडे वळलेला आणि बसणाऱ्याची पाठ थेट दाराकडे. दारातून येणाऱ्याला माझी वेणी दिसे आणि वेणीपलीकडे मी काय करते आहे तेही दिसे. अण्णा शाळेत गणित शिकवत. घरातही त्यांचे बोलणे पायरीपायरीने चाले, एक पायरी गाळलेली त्यांना खपत नसे. मोठा भाऊ अभियांत्रिकीला पुण्याला गेला तेव्हा संगणक मागे ठेवून गेला. संगणकाबरोबर इंटरनेटवरच्या एका खेळातले त्याचे खातेही मागे ठेवून गेला, ही गोष्ट अण्णांना बरीच नंतर कळली. तेव्हा मी अकरावीत होते.

रविवारची सकाळ अजून माझ्या कानात आहे. स्वयंपाकघरात आईच्या भाकऱ्या थापण्याचा एकसारखा आवाज, मधूनच परातीवर बांगड्यांची किणकिण, येसराच्या आमटीला फोडणी बसली की खोकला आणणारा वास, बाहेर कुणाच्या तरी टाकीतून वाहून जाणारे पाणी आणि "अहो, बंद करा की नळ!" अशी शेजारची हाक. या सगळ्यावर मी हेडफोन चढवी आणि आवाज एकदम दूर जात. बरोबर दहा वाजता हेडफोनमधून जावेदभाईचा घसा खाकरल्याचा आवाज येई. तो आला की रविवार खऱ्या अर्थाने सुरू झाला असे मला वाटे.

खेळ ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी एवढे सांगणे पुरेसे आहे. त्यात पाच जणांनी मिळून एका भुयारात उतरायचे असते. वाटेत राक्षस असतात आणि शेवटच्या दालनात सर्वांत मोठा राक्षस असतो. पाचांपैकी एक जण ढाल घेऊन पुढे उभा राहतो आणि सगळा मार स्वतःवर घेतो. तिघे राक्षसावर मारा करतात. पाचवा कुणालाही मारत नाही. प्रत्येकाच्या डोक्यावर एक हिरवी पट्टी असते. मार बसला की ती कमी होते, संपली की माणूस मेला. त्या पट्ट्या भरत राहणे एवढेच पाचव्याचे काम. त्यासाठी त्याला लागणारी शक्ती निळ्या पट्टीत असते आणि तीही संपते. ही पाचवी मी होते. खेळातले माझे नाव भावाने ठेवलेले, कुठल्याशा इंग्रजी अक्षरांचे होते. जावेदभाईने पहिल्याच दिवशी ते बाजूला सारले आणि मला हकीम म्हणायला सुरुवात केली.

जावेदभाई शेंद्र्याच्या एका कारखान्यात यंत्रावर काम करी. तेव्हा तो असेल चोवीस-पंचवीस वर्षांचा. ढाल त्याची. त्याची मावसबहीण शबाना बी.एस्सी. करत होती, ती आगीचे गोळे फेकी. माझ्या वर्गातला, मागच्या गल्लीत राहणारा किशोर बाण मारी आणि बाणांपेक्षा तोंड जास्त चालवी. पाचवे होते मोरे नावाचे एक गृहस्थ. ते कुठे राहतात, काय करतात हे आम्हांला कधी कळले नाही. ते तलवार चालवत आणि बोलत नसत.

भुयाराच्या दाराशी पाचही जण जमले की जावेदभाई तीन प्रश्न विचारी. "लाईट?" म्हणजे तुमच्या भागात भारनियमन कधी आहे. "पानी?" म्हणजे आज तुमच्याकडे नळाला पाणी यायचा दिवस आहे का. आमच्या शहरात पाणी रोज येत नाही. ज्या दिवशी येते त्या दिवशी घरातल्या प्रत्येक हाताला बादली धरावी लागते. आणि तिसरा प्रश्न "मेहमान?" प्रत्येकाने तिन्हींची उत्तरे द्यायची, मग दार उघडायचे. जगात इतरत्र हा खेळ खेळणारे लोक दाराशी काय बोलत असतील मला ठाऊक नाही. आमची रीत ही होती. दीड तासाच्या कामाला हात घालण्यापूर्वी आपण दीड तास आपले आहोत का, हे तपासून पाहायचे. आज मी आठवीच्या वर्गाला गटाने प्रयोग करायला देते तेव्हा आधी विचारते, की मधेच कुणाला खेळाच्या सरावाला जायचे आहे का, कुणाला घ्यायला कुणी येणार आहे का. मुलांना वाटते बाई उगाच चौकशी करतात.

रीती इतरही होत्या. हकीमची निळी पट्टी भरल्याशिवाय पुढच्या दालनात पाऊल टाकायचे नाही. ढालवाल्याच्या आधी कुणी राक्षसाला डिवचायचे नाही. किशोर हे दर रविवारी करी आणि दर रविवारी मरे. मग ओरडे, "अय हकीम, पट्टी भर की माझी! उपाशी मारती का काय?" त्यावर जावेदभाई शांतपणे म्हणे, "मरने दो उसकू. दो मिन्ट जमीन पे पडा रहा तो अकल आती." नवा माणूस आला तर त्याला हसायचे नाही, काय करायचे ते दाराशीच समजावून सांगायचे. आणि राक्षस पडल्यावर जी लूट मिळे तिच्याविषयीची रीत तर मला आजही फार सुंदर वाटते. एकेक वस्तू समोर आली की पडद्यावर दोन खुणा येत. एकीचा अर्थ गरज, दुसरीचा लोभ. ती वस्तू आपण खरोखर वापरणार असलो तरच गरज दाबायची. खेळ कुणाला अडवत नसे; बाण मारणाऱ्यानेही माझ्या अंगरख्यावर गरज दाबली तर तो त्याला मिळू शके. अडवायचे ते आपणच आपल्याला. अण्णांनी हा खेळ कधी खेळला असता तर एवढ्या एका गोष्टीवर त्यांनी पूर्ण तास घेतला असता.

आता माझी चूक सांगते. दिवाळीनंतरचा रविवार होता. तिन्ही प्रश्नांना मी "नाही" म्हटले होते आणि ते खरे होते. आम्ही तिसऱ्या दालनात होतो तेव्हा अण्णांच्या शाळेतले एक सहकारी सहकुटुंब दारात उभे राहिले. पाहुणे आले की आमच्या घरात मुलीने काय करायचे हे ठरलेले होते. उठायचे, पाणी द्यायचे, वाकून नमस्कार करायचा आणि चहाला जायचे. हे मला कुणी सांगावे लागत नव्हते, हात-पाय आपोआप ते करत. मी हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि उठले. एक शब्द बोलले नाही. चहा केला, पोहे केले, कपबशा विसळल्या. परत येऊन पाहते तर पडद्यावर चार प्रेते पडलेली आणि त्यांच्या मधोमध मी एकटी, पुतळ्यासारखी उभी. हेडफोन कानाला लावला. किशोर तावातावाने बोलत होता. तो थांबल्यावर जावेदभाई बोलला. त्याचा आवाज चढलेला नव्हता, म्हणून तो जास्त लागला.

"हकीम, मरे उसका कुछ नइ. मरते रैते अपन. पन बोल के जाना था ना? एक लफ्ज बोलती तो हम दरवाजे पेच ठैर जाते थे."

मी म्हटले, "पाहुणे आले होते."

"तो मेहमान बोलना था. मेरे घर नइ आते क्या मेहमान?"

न सांगता उठणाऱ्याला चार रविवार बाहेर बसावे लागे. हा नियम मला ठाऊक होता. दुसऱ्यांदा तसे झाले तर पुन्हा बोलावणे नाही, हेही ठाऊक होते. ते चार रविवार मी आईजवळ भाकऱ्या थापत बसले. माझ्या जागी किशोरने जालन्याचा आपला आतेभाऊ आणला. तो जे दिसेल त्यावर गरज दाबे, अगदी जावेदभाईच्या ढालीवरसुद्धा. किशोर वर्गात येऊन हे सगळे मला सांगे आणि वर म्हणे, "तू पळालीस म्हणून हे भोगतोय आम्ही." पळालीस हा शब्द मला टोचे. मी कुठे पळाले होते? घरातल्या रीतीप्रमाणे वागले होते. त्या चार आठवड्यांत मी एक शंभर पानी वही घेतली आणि आमच्या भुयारातल्या सगळ्या रीती समास सोडून, क्रमांक घालून लिहून काढल्या. शेवटी माझ्या चुकीपाशी आले. मग लिहिले, की उठावे लागले तर सांगून उठावे आणि सांगूनही चालणार नसेल तर उठू नये. दुसरा अर्धा भाग लिहिताना सोपा वाटला. तो आपल्याला कुठे पाळावा लागेल याची मला कल्पना नव्हती.

पाचव्या रविवारी मला परत घेतले. जावेदभाईने त्या दिवशी मुद्दामच सर्वांत कठीण भुयार निवडले होते. त्या भुयाराच्या शेवटच्या दालनात आम्ही पूर्वी तीनदा जाऊन तिन्हीदा मेलो होतो. दाराशी प्रश्न झाले. लाईट दुपारी जाणार होती, पाणी आदल्याच दिवशी येऊन गेले होते. "मेहमान?" "नाहीत," मी म्हटले आणि आईला पुन्हा एकदा ओरडून विचारले, "आई, आज कुणी येणार नाही ना?" हेडफोनमध्ये शबाना खुदकन हसली. अण्णा भाजी आणायला बाहेर गेले होते.

शेवटच्या दालनातला राक्षस दगडाचा होता. तो थोड्या थोड्या वेळाने दोन्ही हात वर करी आणि छत कोसळे. मग एकट्या जावेदभाईची नव्हे, पाचही जणांची हिरवी पट्टी एकदम खाली येई आणि मला सगळ्यांकडे एकाच वेळी पाहावे लागे. राक्षसाची निम्मी ताकद संपली होती. नेमक्या त्या क्षणी माझ्या पाठीमागे दाराची कडी वाजली आणि आवाज आला, "मास्तर हायेत का घरी?"

ते तात्या होते. अण्णांचे थोरले बंधू. सोयगावजवळच्या आमच्या गावी शेती तेच बघत. अण्णा पन्नाशीला आले होते तरी तात्यांसमोर खुर्चीवर बसत नसत. तात्या कधी कळवून येत नसत, कारण आपल्या भावाच्या घरी कळवून जायचे असते हे त्यांना मान्य नव्हते. खांद्यावरचे कणसांचे पोते त्यांनी धपकन जमिनीवर टाकले. मला न बघताही कळत होते की आई पदर सावरत, पिठाचे हात घेऊन दाराशी आली आहे.

"ऊठ गं," आई दबक्या आवाजात म्हणाली. "तात्या आलेत. पाणी दे."

हेडफोनच्या माइकमधून हे चौघांनाही ऐकू गेले असणार, कारण एकदम सगळे गप्प झाले. किशोरसुद्धा. राक्षसाने हात वर केले. इथे थांबून मी वाचकाला हिशेब समजावून सांगते. उठले असते तर दहा सेकंदांत चौघे मेले असते आणि माझी जागा कायमची गेली असती. आणि या वेळी "पाहुणे आलेत" असे सांगूनही उपयोग नव्हता, कारण राक्षस मधेच थांबत नाही. सांगायचे असेल तर दुसऱ्याच माणसाला सांगायला हवे होते. आणि त्या माणसाला आमच्या घरात आजवर कुणी थांबा म्हटले नव्हते.

मी छत कोसळण्याची वाट पाहिली, पाचही पट्ट्या भरल्या आणि पडद्यावरची नजर न काढता, पाठ दाराकडेच ठेवून मोठ्याने म्हणाले, "तात्या, नमस्कार. मला आता उठता येत नाही. चार माणसं माझ्या भरवशावर उभी आहेत. दहा मिनिटं बसा. मग मी पाणीही देते आणि तुमच्या पायाही पडते."

शब्द एकही गाळला नाही. आईच्या तोंडून "अगं बया" एवढेच निघाले.

 मग पलंगाची पट्टी करकरली. तात्या बसले होते.

"कुठं हायेत चार माणसं?" त्यांनी विचारले.

"हे पडद्यावर. तो पुढे ढाल घेऊन आहे ना, तो जावेदभाई. शेंद्र्याला कामाला असतो."

"आन् तू काय करती?"

"त्यांना मार बसला की बरं करते."

तात्या पुढे सरकले. त्यांच्या तंबाखूचा वास माझ्या खांद्यापाशी आला. "ह्यो एवढा मोठा धोंडा ह्या पाच जणांनी पाडायचा व्हय? लई अवघड हाय."

"तात्या कू सलाम बोल हमारा," हेडफोनमधून जावेदभाई म्हणाला. त्याच क्षणी किशोर नेहमीप्रमाणे पुढे घुसला आणि मेला.

"मेलं की एक!" तात्या ओरडले. "आगं, बघ तिकडं!"

"मरू द्या, त्याची सवयच आहे ती," मी म्हटले आणि शबाना इतकी हसली की तिचा गोळा भिंतीवर जाऊन फुटला. माझी निळी पट्टी तळाला आली होती. पूर्वी अशा वेळी मी गप्प राहून नशिबावर सोडत असे. मागणे म्हणजे कमीपणा वाटे. त्या दिवशी तात्यांना थांबवून झाल्यावर माझ्यात कसला संकोच उरणार? "निळी संपत आलीय," मी स्पष्ट म्हणाले. "सगळे मागे या. जावेदभाई, फक्त ढाल धरा. पंधरा सेकंद कुणीही मारायचं नाही. मी सांगेन तेव्हा पुढे." आणि चौघेही, म्हणजे तिघे जिवंत आणि एक प्रेत, माझे ऐकून थांबले. मी मोठ्याने आकडे मोजले. माझ्या मागे तात्याही मोजू लागले. पंधराव्या आकड्याला मी "चला!" म्हटले तेव्हा तात्यांनी पलंगावर थाप मारली.

छत आणखी दोनदा कोसळले. दुसऱ्या वेळी जावेदभाईची पट्टी इतकी बारीक झाली की ती पडद्यावर शोधावी लागली. मी ती भरली. मग दगडाला तडा गेला, तडा डोक्यापासून पायापर्यंत उतरला आणि तो राक्षस गुडघ्यावर येऊन संपला. हेडफोनमध्ये जो कल्लोळ झाला त्यात एक अनोळखी, जाडसर आवाज होता: "शाब्बास, हकीम!" मोरे बोलले होते. त्या एका शब्दाची मला पदवीपेक्षा जास्त किंमत वाटली, आणि पदवी मी नंतर पहिल्या वर्गात मिळवली हे इथे नोंदवते.

लुटीत हकीमच्या हातात शोभेल अशी निळ्या खड्याची काठी पडली. पडद्यावर दोन खुणा आल्या. चौघांनी काहीच दाबले नाही, लोभसुद्धा नाही. मी गरज दाबली.

"देख हकीम," जावेदभाई म्हणाला, "अब तू बाहर बैठनेवाली नइ. तू बाहर बैठी तो हम भी बैठते. अब जा, तात्या कू पानी पिला."

मी हेडफोन काढला, उठले आणि माठातले पाणी तांब्यात घेऊन आले. वाकून नमस्कार केला. तात्यांनी पाणी एका दमात संपवले आणि मिशा पुसल्या. आईचा चेहरा अजून पांढरा होता. तेवढ्यात अण्णा भाजीची पिशवी घेऊन दारात आले. तात्यांना पाहताच चपला काढता काढता वाकले. मग त्यांची नजर संगणकाकडे आणि तिथून माझ्याकडे गेली.

जेवायला बसलो तेव्हा ते प्रकरण निघालेच. आईने वाढता वाढता दबलेल्या आवाजात सांगितले आणि अण्णांनी भाकरी मोडायची थांबवली. "तात्या दारात आले आणि तू उठली नाहीस?" ते म्हणाले. त्यांचा आवाज वर्गातला होता. उत्तर चुकल्यावर ते फळ्यापाशी उभे करून विचारत तसा.

"उठली आस्ती तर मेले आस्ते की चौघं," तात्या आमटीत भाकरी कुस्करत म्हणाले. "म्या बघत हुतो ना. ह्यो एवढा धोंडा. एक पोरगं तर उगं आगाव, मेलंच. पन बाकीचे हिनं राखले. बस म्हनली मला तोंडावर. म्या म्हनलं, बसतो बाई. मानसं राखनाऱ्याला मधी उठवायचं नसतं, एवढं कळतं मला. मास्तर, तू शाळंत पोरांला शिकवतो आन् तुला हे ठाव नाय?"

  अण्णा तात्यांकडे वळून म्हणाले, "नक्की कुणाला राखले म्हणता तात्या? समजावून सांगा, पहिल्यापासून."

तात्यांनी घास बाजूला ठेवला आणि सांगायला सुरुवात केली. पहिल्यापासून आणि जवळजवळ सगळे चुकीचे. ढाल किशोरच्या हातात दिली, आगीचे गोळे मोऱ्यांना दिले आणि धोंडा दोनदा पाडला. मी दुरुस्त केले नाही. आईने माझ्या ताटात न विचारता तिसरी भाकरी वाढली आणि मी ती संपवली.